दमलेल्या पेशंटचा ऑडिओग्राम काय कामाचा?

आज डोकंच फिरलं. सत्तरी ओलांडलेल्या आजी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढायला चाळीस मिनिटं त्या बंद खोलीत बसून होत्या. एका कानात सतत खरखर, दुसऱ्यात बारीक टीं. "खरखर विसरा, टीं ऐकू आली की बटण दाबा." आधी बरोबर दाबत होत्या. मग बावरल्या आणि नुसत्या खरखरीलाही बटण दाबायला लागल्या. तरी टेस्ट चालूच! पाच पाच डेसिबलनं खरखर वाढवायची, थ्रेशोल्ड, म्हणजे जेमतेम ऐकू येणारी टीं, पुन्हा शोधायचा, पुन्हा पाच.

मास्किंग, म्हणजे दुसऱ्या कानाला खरखरीत गुंतवून ठेवणं, नको असं मी कधीच म्हणणार नाही. साधा हेडफोन लावला तर आवाज पलीकडच्या आतल्या कानाच्या थ्रेशोल्डपेक्षा ४० डेसिबलनं जास्त झाला की त्या फरकावरच कवटीतून तिकडे पोचू शकतो. बोन कंडक्शनला, म्हणजे हाडातून आवाज देताना, तर हा फरक जवळपास शून्य धरावा लागतो. मास्किंग टाळलं की पार बंद पडलेला कानही कागदावर मध्यम बहिरा दिसतो आणि त्याच कानाला मशीन बसवलं जातं. असे रिपोर्ट हातात आले की संताप होतो.

पण म्हणून प्रत्येक फ्रिक्वेन्सीला अगदी तळापासून चढायचं? हूड यांनी प्लॅटो पद्धत १९६०च्या सुमारास मांडली: खरखर वाढवत जायची आणि थ्रेशोल्ड हलेनासा झाला की तोच खरा. पद्धत पक्की आहे, पण सुरुवात कुठून करायची हे डोकं लावून ठरवा ना! मास्किंगशिवाय बोनचा थ्रेशोल्ड १० आला असेल, तर हेडफोनमधून ५० डेसिबलपर्यंतच्या (१० अधिक ते ४०) खरखरीनं ओव्हरमास्किंग होत नाही, म्हणजे खरखर पलीकडे तपासायच्या कानात जाऊन टीं झाकत नाही. तपासायच्या कानाचा बोन १०पेक्षा चांगला असूच शकत नाही, मग भीती कसली? थेट तिथूनच सुरू करा. थ्रेशोल्ड हलला नाही तर काम तिथेच संपलं. हलला तरच पुढचा खटाटोप. दोन्ही कानांत कंडक्टिव्ह लॉस असेल, म्हणजे आवाज आतल्या कानापर्यंत नीट पोचतच नसेल, तर गोष्ट वेगळी, तिथे पुरेशी खरखर आणि जास्तीची खरखर यांच्यात जागाच उरत नाही. तिथे दोन तास लागले तरी मी बोलणार नाही.

आणि फोमच्या टिप्सनं कानाच्या आत बसणारे इन्सर्ट इअरफोन? त्यांनी हा फरक ५५ डेसिबलच्या पुढे जातो. कित्येकदा एअरला, म्हणजे हवेतून आवाज देताना, मास्किंग लागतच नाही, लागलंच तर मोकळी जागा जास्त मिळते. ते मात्र कपाटात खोक्यात पडून! का, तर प्रत्येक पेशंटला फोमचे नवे टिप्स लागतात.

शेवटी डावा कान राहिलाच. आजींना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. बाहेर येऊन मलाच म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं का हो?"