हलवायाच्या घरावर तुळशीपत्र कसे ठेवावे

चौघे वाचत असतील तर एखादा गेला तरी काय बिघडले, असे तुम्हाला मनापासून वाटते ना? मग सोलापुरात तुम्हाला भवितव्य आहे.

थोडे पुस्तकी ज्ञान हवेच. 1967 साली फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी कोडे घातले: ट्राम सुटलीय, एका रुळावर पाच कामगार, दुसऱ्यावर एक. चालकाने ती कुठे वळवावी? पुढे जुडिथ थॉमसन यांनी पुलावर एक लठ्ठ माणूस उभा केला. त्याला खाली ढकलले की ट्राम थांबते, पाच वाचतात. इथे भल्याभल्यांचा हात आखडतो. तुम्ही कशाला हात लावता? ढकलण्याचे टेंडर काढा.

माणूस निवडताना एकच पथ्य पाळा: तो बैठकीला हजर नसावा. उजनीचेच घ्या. 1980 साली भीमेवरचे धरण पुरे झाले, नदीकाठची गावे काळ्याभोर रानांसकट बुडाली. उसाची सोय झाली, आपल्याही नळाला पाणी आले. (चार-पाच दिवसांतून एकदा येते, पण त्याग त्यांचा असल्यामुळे आपण तक्रार करायला मोकळे.) दुष्काळात पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. तिथे आवर्जून जावे, शिखरासमोर सेल्फी काढावा, "केवढा त्याग हो तुमचा!" म्हणावे. एखादा म्हातारा बदली जमिनीचा विषय काढू लागला, तर मोबाइल कानाला लावून गाडीकडे चालू लागावे.

चार हुतात्मा चौकात मात्र जपून. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर, म्हणजे लष्करी अमलानंतर, 12 जानेवारी 1931 रोजी हे चौघे येरवड्यात फासावर गेले. आपल्या धंद्याच्या दृष्टीने अगदीच कच्चे गडी, दुसऱ्या कुणाला पुढे करणे त्यांना जमलेच नाही. जयंती-पुण्यतिथीला हार घाला, फोटो काढून घ्या आणि निघा. पुतळ्यांकडे फार वेळ बघत बसलात तर भलतेच विचार येतात.

आता अडचणीचा भाग. रस्ता रुंदीकरणाच्या नकाशात तुमच्याच कंपाउंडची दोन फूट जागा निघाली, वर लाल रंगाची खूणही मारून गेले. अशा वेळी पाच आणि एकचा हिशेब मांडत बसू नये. लगेच वकील गाठावा, स्टे आणावा आणि गेटवर फलक लावावा: "सामान्य माणसावर अन्याय का?"