नासका आंबा काढला, पण अढीचं काय?

‘वर्णद्वेष संस्थेत नसतो, माणसाच्या मनात असतो. एक नासका आंबा अढी नासवतो. तो उचलून फेका, बाकीच्यांना एक दिवस प्रशिक्षण द्या, प्रश्न मिटला.’ अशा अर्थाचा मजकूर हल्ली बराच फिरतो. वाचायला सोपा आहे म्हणूनच फिरत असावा.

आधी नासका आंबा. २२ एप्रिल १९९३ला लंडनच्या एल्थम भागात, बसथांब्याजवळ, स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकून मारलं. पोलिसांनी त्याच्यावर नीट प्रथमोपचारही केले नाहीत. सोबतचा मित्र स्वतः हल्ल्यातून वाचलेला, पण त्याला तशी वागणूक मिळाली नाही. संशयितांची नावं लगेच कानावर येऊनही अटका लांबल्या. दोघांना शिक्षा झाली ती थेट २०१२मध्ये. पोलिसांच्या या तपासाची चौकशी करणाऱ्या निवृत्त न्यायाधीश मॅक्फर्सन यांना उघड शिवीगाळ करणारा खलनायक अधिकारी सापडला नाही. तरीही १९९९च्या अहवालात त्यांनी ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ हेच शब्द वापरले, कारण नकळतचे पूर्वग्रह, बेफिकिरी आणि कामाच्या रुळलेल्या पद्धती मिळून सगळं दलच कमी पडलं होतं. आता यातला कुठला आंबा फेकायचा?

एक दिवसाच्या प्रशिक्षणाचं म्हणाल तर स्टारबक्स या अमेरिकी कॉफी दुकानांच्या साखळीने तेवढाही वेळ दिला नाही. फिलाडेल्फियाच्या दुकानात मित्राची वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीयांना अटक झाली. त्यावर ओरड झाल्यावर २९ मे २०१८च्या दुपारी अमेरिकेतली आठ हजारांहून जास्त दुकानं प्रशिक्षणासाठी बंद ठेवली गेली. मला विचाराल तर कामाची गोष्ट त्याआधीच झाली होती: काही विकत न घेताही दुकानात बसता येईल, असा नियम कंपनीने केला. अटकेचं निमित्तच त्यामुळे तेव्हा गेलं (२०२५मध्ये कंपनीने तो नियम मागे घेतला). कॅलेव्ह, डॉबिन आणि केली या समाजशास्त्रज्ञांनी ७०८ खासगी कंपन्यांची तीस वर्षांची माहिती तपासून २००६मध्ये जवळपास हेच दाखवलं. व्यवस्थापकीय पदांवर कृष्णवर्णीय आणि स्त्रिया वाढवण्यात प्रशिक्षणाचा उपयोग सर्वांत कमी. बदलाची जबाबदारी ठरावीक माणसांवर किंवा समितीवर टाकली, तिथे फरक जास्त. म्हणजे प्रशिक्षण द्यावंच, पण शिकलेलं अमलात आलं की नाही हे विचारायला कोणी हवं.

‘कृष्णवर्णीयांची वेगळी संघटना झाली की फूट पडते’ हाही एक लाडका मुद्दा. लंडन पोलिसांतल्या कृष्णवर्णीयांनी १९९४मध्ये संघटना काढली. तिच्याच प्रतिनिधींनी मॅक्फर्सनपुढे आतली संस्कृती कशी चालते ते सांगितलं. बाहेरच्या न्यायाधीशाला ते कोण सांगणार होतं?

‘हे गोऱ्या-काळ्यांचं, आपला काय संबंध?’ अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जातीवरून होणारा भेदभावही घातला. ठराव मांडणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत, जन्म पुण्याचा. बस.

पुढच्याच महिन्यात लंडन पोलिसांच्या कारभाराची पाहणी करणाऱ्या लुईस केसी यांचा अहवाल आला. निष्कर्ष पुन्हा तोच, संस्थात्मक वर्णद्वेष. पोलीस आयुक्तांनी निष्कर्ष मान्य केले. ‘संस्थात्मक’ हा शब्द मात्र वापरणार नाही म्हणाले.