चूक सांगणाऱ्याचं पुढे काय होतं?

नमस्कार. संस्थेतल्या विश्वासावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मोघम नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संस्थेतला तुटलेला विश्वास परत जोडता येतो हा भाबडेपणा आहे, 'चूक सांगा, शिक्षा नाही' म्हटलं की शिस्तीचे तीनतेरा वाजतात, माणसं पगारासाठी येतात, विश्वासासाठी नाही. शिवाय तुमच्याकडे ज्याने गैरप्रकार दाखवला त्याची बदली झाली आणि साहेब खुर्चीत कायम आहेत.

पगाराच्या मुद्द्यावर वाद नाही. पण पगारासाठी आलेला माणूसच तोंड उघडण्याआधी हिशेब करतो, बोललो तर माझं काय होईल? मी लिहिलं ते या हिशेबाबद्दल. 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणणाऱ्या साहेबांपासून मीही चार हात लांबच राहतो.

आता शिस्त. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान उतरण्याच्या सूचनेबाबतच्या गैरसमजातून वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. त्याआधी सुमारे सहा आठवडे दुसऱ्या कंपनीचं विमान तशाच गैरसमजातून त्याच ठिकाणी थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोहोचलंच नाही. १९७५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने चुका कळवण्याची योजना काढली. पण जो परवाना काढून घेऊ शकतो, त्याच्याच हातात आपली चूक लिहून कोण देईल? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे, म्हणजे त्रयस्थाकडे गेलं. कळवणाऱ्याची ओळख तिथे पुसली जाते.

आणि अटी बघा. संरक्षण हवं तर १० दिवसांत कळवायचं. चूक अजाणता झालेली हवी. गुन्हा किंवा अपघात असेल तर संरक्षण नाही. नियम मोडल्याचा ठपकाही बसू शकतो, टळते ती फक्त शिक्षा. यात शिस्त कुठे ढासळली? उलट काय माफ आणि काय नाही, हे आधीच लिहून ठेवलेलं आहे. बहुतेक कार्यालयांत ते साहेबांच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरतं.

तुमचा भाबडेपणाचा आरोप मात्र मी पूर्ण झटकणार नाही. कारण हीच नासा. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर या अंतराळयानाच्या (स्पेस शटल) उड्डाणाच्या आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंत्राटदार कंपनीच्या इंजिनिअरांनी थंडीमुळे उड्डाण नको म्हणून सांगितलं. वरिष्ठांनी ते फिरवलं, सात अंतराळवीर गेले. चौकशीत खरं बोललेले त्याच कंपनीचे इंजिनिअर ॲलन मॅकडोनाल्ड यांना कंपनीने बाजूला सारलं, म्हणजे तुमच्याकडे झालं तेच. पुढे अमेरिकी संसदेतून दबाव आला, तेव्हा त्याच मॅकडोनाल्ड यांच्याकडे रॉकेटच्या नव्या रचनेचं नेतृत्व देण्यात आलं. १९८८ मध्ये शटल पुन्हा उडालं. विश्वास परत जोडण्याचं याहून ठोस पाऊल मला ठाऊक नाही: खरं बोलणाऱ्याला सगळ्यांदेखत परत आणणं. ते कंपनीने आपणहून केलं नाही, हेही तितकंच खरं. आणि २००३ मध्ये नासाचंच दुसरं शटल कोलंबिया कोसळल्यावर चौकशी मंडळाने पुन्हा संस्थेच्या संस्कृतीवरच बोट ठेवलं. एकदा दुरुस्त केलं म्हणजे काम संपलं असं नाही.

तेव्हा तुमच्या कार्यालयात निनावी सर्वेक्षण वगैरे आत्ता काढूच नये. पाच जणांच्या विभागात निनावी असं काही नसतंच, कोणाची वाक्यरचना कशी असते ते सगळ्यांना माहीत असतं. आधी ती बदली रद्द व्हावी, ती का चुकीची होती हे लेखी जाहीर व्हावं, आणि साहेबांच्या वागण्याची चौकशी त्यांच्या हाताखाली नसलेल्या कोणीतरी करावी. व्यवस्थापन याला तयार नसेल, तर तुमचे सहकारी गप्प बसतात ते शहाणपणानेच बसतात. त्यांना 'मोकळेपणाने बोला' असा सल्ला मी देणार नाही. कागद मात्र जपून ठेवा, तारखांसकट.