रेड लावलं म्हणून बॅकअप नको? काहीही काय बाप्पा

नागपुरातल्या दुकानदारांच्या अन् अकाउंटवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरून राहिला, की छोट्या ऑफिसला सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतच नाही, फक्त रेड (RAID, म्हणजे एकाहून जास्त डिस्क जोडून वापरायची सोय) लावा म्हणजे बॅकअपची झंझट नाही, डेटाबेसचा पोर्ट (ज्या नंबरच्या दारातून त्याच्याशी जोडतात तो) बदला म्हणजे हॅकर येत नाही, अन् चालू सर्व्हरला अपडेट देऊ नका.

आधी रेडचं बघू. रेड 1 मध्ये तोच डेटा दोन डिस्कवर लिहिल्या जातो, एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, अन् मे महिन्यात 45 डिग्रीत एसी बसला की डिस्कचा भरोसा नसतो, म्हणून तेवढ्यासाठी ते लावाच. पण कोणी व्हेअर (कोणत्या नोंदी उडवायच्या ती अट) न लावता डेटाबेसमध्ये डिलीट मारलं तर दोन्हीकडून एकदमच उडतं ना भाऊ, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं तरी दोन्ही लॉक.

अन् 'आमचा बॅकअप रोज होतो' म्हणणाऱ्यांनी जरा फाइलचा साइज पहा. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) मायएसक्यूएलडंप, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसची कॉपी काढणारी कमांड, पाइप करून (तिचं आउटपुट थेट पुढे देऊन) जीझिप या फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामला दिलेला असतो, कोणीतरी पासवर्ड बदलतं, डंप फेल होतो, पण जीझिप बिचारं 20 बाइटची रिकामी फाइल बनवून मोकळं, अन् पाइपफेल (मधली कमांड फेल झाली तर पूर्ण ओळच फेल धरायची सेटिंग) लावलेलं नसलं तर स्क्रिप्टला वाटतं सगळं ओके. रोज रात्री नव्या तारखेची फाइल अन् आत ठणठणाट. गिटलॅबसारख्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत 31 जानेवारी 2017 ला चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचं फोल्डर डिलीट झालं, मग पाहतात तर डेटाबेस अन् बॅकअपच्या कमांडचं व्हर्जन जुळत नसल्याने बॅकअप बनतच नव्हते अन् फेल झाल्याचे मेलही कोणाला पोचत नव्हते. 6 तास आधीचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची कॉपी) होता म्हणून निभावलं, मधला डेटा गेलाच. म्हणून महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर मारा अन् कालचं शेवटचं बिल उघडून पहा.

पोर्टचं काय, मायएसक्यूएलचा नेहमीचा 3306 चा 3307 केल्याने लॉगमधला कचरा कमी होतो, बस. कनेक्ट झाल्या झाल्या मायएसक्यूएल स्वतःच आपलं व्हर्जन सांगतं, मग लपवलं काय? डेटाबेस 127.0.0.1 वर बांधा, म्हणजे त्याच मशीनवरून तो उघडेल, बाहेरून लागलंच तर व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा बंदिस्त रस्ता).

अपडेट नको म्हणणाऱ्यांना फक्त वॉनाक्राय हे विंडोजवरचं रॅन्समवेअर आठवून देतो. मायक्रोसॉफ्टचा पॅच (ते भोक बुजवणारा अपडेट) 14 मार्च 2017 ला आला होता, हल्ला झाला 12 मे ला, अन् ज्यांनी पॅच लावला नव्हता ते सापडले. अपडेटने सॉफ्टवेअर बिघडतं ही भीती काही खोटी नाही, पण त्यासाठी रविवारी दुकान बंद असताना आधी बॅकअप घ्या, मग अपडेट, मग रीस्टार्ट करून सगळ्या सर्व्हिसेस आपोआप उठतात का तेही त्याच दिवशी पाहून घ्या, नाहीतर ते सोमवारी गिऱ्हाईक समोर उभं असताना कळते.