घरच्या वेल्डिंगला म्हणे ४०० अँपचंच मशीन पाहिजे: त्या मेसेजचा एकेक दावा तपासू

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. शेतीच्या ग्रुपवर आहे, सोसायटीच्या ग्रुपवर आहे, मला मावसभावानं पाठवला आणि वर विचारतोय, "दादा, हे घेऊ का?" मेसेजचं सार असं. घरी वेल्डिंग करायचं तर ४०० अँपचंच मशीन घ्या, २००वालं खेळणं आहे. इन्व्हर्टर मशीन (आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेलं हलकं वेल्डिंग मशीन, लाईट गेल्यावरचा इन्व्हर्टर नव्हे) वर्षात जळतं, तांब्याचं ट्रान्सफॉर्मरवालंच घ्या. नवशिक्यांनी रॉडच्या नादी न लागता बिनगॅसची मिग (रॉडऐवजी वायरनं वेल्डिंग करणारं मशीन) घ्यावी. मशीन घरातल्या कुठल्याही प्लगवर चालतं. रॉड घ्यायचा तर ७०१८ (हा रॉडच्या प्रकाराचा नंबर), तोच सगळ्यात मजबूत. गॉगल लावला आणि ग्लासभर दूध प्यायलं की डोळ्यांना आणि छातीला काही होत नाही. आणि शेवटी, सगळी मशीनं आतून एकच असतात, ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसेल ते उचला.

यातलं थोडं अर्धवट खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. आता एकेक बघू.

"४०० अँपच घ्या"

आधी सांगा, घरी तुम्ही करणार काय? गेटचा बिजागर, खिडकीची ग्रिल, कुंड्यांचा स्टँड, टेबलाची फ्रेम, फार तर गोठ्यावरची पत्र्याची शेड. म्हणजे १८ गेज, १६ गेजचा स्क्वेअर पाईप (१.२ आणि १.६ एमएमच्या आसपास), थोडा ३ ते ५ एमएमचा अँगल आणि पट्टी. १६ गेजच्या पाईपला अडीचचा (२.५ एमएम जाडीचा) रॉड लावून ६० ते ७५ अँपवर काम होतं, ९०ला नेलात की कोपऱ्यात भोक पडायला सुरुवात. अँगलला सव्वातीनचा, म्हणजे पाकिटावर ३.१५ लिहिलेला रॉड, त्याला १०० ते १३० पुरतात. ४ एमएमच्या रॉडला १५०-१८० लागतात, पण तो रॉड घरच्या कामात निघतो तरी कधी? मग ४०० अँप नेमके कुठं ओतणार?

बरं, समजा ओतायचेच आहेत. रॉड वेल्डिंगचा हिशोब साधा आहे, करंटला ०.०४ ने गुणायचं आणि २० मिळवायचे, की आर्कचं, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या झोताचं, व्होल्टेज येतं. ४०० अँपला येतात ३६ व्होल्ट. छत्तीस गुणिले चारशे म्हणजे १४,४०० वॅट, आणि ही फक्त आर्कमध्ये गेलेली पॉवर, मशीन गरम होण्यात जाते ती वेगळीच. २३० व्होल्टच्या लाईनीवर हे ६२ अँपच्या वर जातं. आता लाईटबिल काढा आणि 'मंजूर भार' बघा, तिथं दोन, तीन, पाच किलोवॅट असं काहीतरी छापलेलं असेल. म्हणजे सिंगल फेजवर काही हजारांत मिळणाऱ्या त्या डब्यावरचा ४०० हा करंट नाही, ते मॉडेलचं नाव आहे. नाव काहीही ठेवता येतं.

हीच युक्ती २००च्या मशीनला पण लावा, कारण तिथंही गंमत असते. मशीनच्या मागे किंवा खाली नेमप्लेट असते. २०० अँप खरे असतील तर त्यापुढे २८ व्होल्ट लिहिलेले पाहिजेत, म्हणजे ५,६०० वॅट बाहेर. मग त्याच पट्टीवर इनपुट करंट बघा. जास्तीत जास्त २० अँप लिहिला असेल तर २३० गुणिले २० म्हणजे ४,६०० झाले. आत कमी जातंय आणि बाहेर जास्त येतंय, असं मशीन कुणी बनवलं असेल तर त्याला महावितरणनं घरी येऊन हार घालायला पाहिजे. दुकानात उभ्या उभ्या मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर हे करता येतं, दुकानदाराला आवडत नाही तो भाग वेगळा.

त्याच पट्टीवर टक्क्यात ड्युटी सायकल असते. २०० अँपला ३० टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांत तीन मिनिटं वेल्डिंग आणि सात मिनिटं आराम. अशा मशीनचा न थांबता चालणारा करंट साधारण ११०च्या आसपास येतो, आणि घरकामाला तेवढा बास आहे, कारण अडीचचा रॉड मिनिटभरात संपतो, मग तुम्ही खपली काढणार, ब्रश मारणार, जॉब फिरवणार, गुण्यात (काटकोनात) आहे का बघणार, तेवढ्यात मशीन थंड. फक्त ते टक्के ४० डिग्री हवेला दिलेत की कमीला ते बघा. स्टँडर्डप्रमाणे ४०ला द्यायचे असतात, पण २० किंवा २५ डिग्रीला मोजून आकडा फुगवलेली मशीनं पण विकली जातात, आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली काय हवा असते ते मी सांगायला नको.

"इन्व्हर्टर जळतं, तांब्याचंच घ्या"

हे बोलणारी माणसं बहुतेक जुनी फॅब्रिकेटर मंडळी आहेत आणि त्यांच्या जागी ती बरोबर आहेत. वर्कशॉपला थ्री फेज असतं, मशीन एका कोपऱ्यात ठेवलेलं असतं, दिवसभर चालतं, कुणी लाथ मारली तरी चालतं. पण ते मोठं ट्रान्सफॉर्मरवालं मशीन बऱ्याचदा दोन फेज घेतं, म्हणजे ४१५ व्होल्ट. तुमच्या घरी सिंगल फेज आहे. सिंगल फेजवरचे छोटे ट्रान्सफॉर्मर मिळतात, पण ते लाईनीतून सपाटून करंट ओढतात, आर्क मारला की शेजारच्या काकूंचा पंखा मंदावतो आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की रॉड चिकटायला लागतो. शिवाय मिळणार एसी करंट. इन्व्हर्टरमध्ये डीसी मिळतो, आर्क जास्त गुमान चालतो, नवशिक्याला रॉड पेटवायला सोपं जातं, आणि पातळ पाईपला ६०१३ रॉड मायनसला लावून भोकं कमी पाडता येतात. वजन पण पाच-सात किलो, गच्चीवर एका हातात घेऊन जाता येतं.

आणि 'तांब्याचं' हा शब्द ऐकून भुलू नका, ॲल्युमिनियमच्या गुंडाळीचे ट्रान्सफॉर्मर पण तांब्याचे म्हणून खपवले जातात. उघडून कोण बघणार?

इन्व्हर्टर जळतं हे मात्र खोटं नाही, जळतं. पण का, ते मेसेजवाला सांगत नाही. मशीन ठेवतात जमिनीवर आणि तीन फुटांवर बसून ग्राइंडर मारतात. आतला पंखा तो सगळा लोखंडाचा भुगा ओढून घेतो आणि कार्डावर पसरतो. मग पावसाळ्यात ओल आली की शॉर्ट. नाहीतर आत पाल शिरते. ग्राइंडरची जागा लांब ठेवा, मशीन स्टुलावर ठेवा, अधूनमधून प्लग काढून कोरड्या हवेचा ब्लोअर मारा. छोट्या जनरेटरवर चालवायचा मोह असेल तर तो पण आवरा.

"नवशिक्यांनी बिनगॅसची मिग घ्यावी"

मिग शिकायला सोपी आहे, मान्य. ट्रिगर दाबला की वायर येते, रॉड चिकटायची भानगड नाही. गाडीच्या पत्र्याचं काम करायचं असेल, एक एमएमच्या खालचा माल असेल, तर मिगच पाहिजे, आणि तीही सीओटूच्या सिलेंडरसकट. पण मेसेज सांगतोय बिनगॅसची, आणि तिथं तीन गोष्टी गाळल्यात.

एक, बिनगॅसच्या फ्लक्सवाल्या (पोटात रसायनाची पूड भरलेल्या) वायरला टॉर्च, म्हणजे वायर बाहेर येते ती बंदूक, मायनसला लागते, गॅसवाल्या साध्या वायरला प्लसला. दोन्ही चालणारी मशीनं बऱ्याचदा गॅसच्या जोडणीत येतात, माणूस तशीच वायर भरून सुरू करतो आणि फुलबाजी उडाल्यासारखे छिटे उडतात, मग म्हणतो मशीन खराब. दुसरं, ती वायर किलोमागे रॉडपेक्षा बरीच महाग पडते, तालुक्याच्या ठिकाणी पटकन मिळत नाही आणि कोकणात उघडी राहिली की गंजते. रॉडचं पाकीट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आणि तिसरं जास्त महत्त्वाचं. मिगची रेघ वरून देखणी येते पण खाली पकड नसते, असं नवशिक्याच्या हातून हमखास होतं, खास करून जाड मालावर करंट कमी ठेवला तर. रॉडचं वाईट वेल्डिंग निदान वाईट दिसतं. मिगवर शिकायचंच असेल तर आधी भंगारातल्या दोन पट्ट्या जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोड्यानं वाकवा. जोडाच्या कडेनं सोलून निघाली की समजायचं नुसती वर बसली होती.

"कुठल्याही प्लगवर चालतं"

नाही चालत. अडीचचा रॉड ९० अँपवर चालवला तरी आर्कला दोन किलोवॅटच्या वर लागतं, मशीनचं नुकसान आणि साध्या इन्व्हर्टरचा खराब पॉवर फॅक्टर (कामाला लागतो त्यापेक्षा जास्त करंट ओढायची सवय) धरला की लाईनीतून १५-१७ अँप जातात. म्हणजे मोठा १६ अँपवाला पॉवर प्लग तिथंच काठावर आला. सव्वातीनचा रॉड १२०वर नेला की २३च्या आसपास. टीव्हीच्या छोट्या प्लगला तर हात पण लावू नका. मीटरजवळच्या बोर्डातून ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, २५ अँपचा सी टाईप एमसीबी आणि चांगली अर्थिंग, एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. मशीन घेताना हा खर्च धरलेला कुणी दिसत नाही. एक्स्टेन्शन वापरायचंच तर जाड वायरचं, आणि रीलवरून पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर तापते आणि इन्सुलेशन वितळतं.

"७०१८च घ्या, तो मजबूत"

साठ आणि सत्तर हे आकडे हजार पीएसआयमधल्या ताकदीचे आहेत, त्यामुळे कागदावर ७०१८ जास्त हे खरं. पण तो लो हायड्रोजन (जोडात हायड्रोजन कमी जाऊ देणारा, म्हणून तडे टाळणारा) रॉड आहे, पाकीट फोडल्यावर ओल धरली की त्याचा तो गुणच गेला, परत वापरायचा तर ३०० डिग्रीच्या वर ओव्हनमध्ये भाजावा लागतो. तुमच्या घरी आहे तसा ओव्हन? शिवाय एकदा विझला की टोकावर थर बसतो आणि परत पेटवताना नवशिक्याला रडवतो. कुंडीच्या स्टँडला ६०१३ घ्या. पाईपच त्या जोडाच्या आधी वाकेल. ट्रॉलीचा हूक, जॅकचा स्टँड, झोक्याचं कडं, असलं जीवावरचं काम असेल तर ते अनुभवी माणसाकडून करून घ्या, तिथं रॉडचा नंबर बदलून भागत नाही.

"गॉगल आणि दूध"

इथं मला खरंच राग येतो. बाकीच्या दाव्यांनी पैसे जातात, या दाव्यानं डोळे.

आर्कमधून अल्ट्राव्हायोलेट किरण निघतात आणि ते बुबुळाच्या वरच्या थराला भाजतात. त्या वेळी काही कळत नाही. सहा-बारा तासांनी, म्हणजे नेमकं रात्री झोपल्यावर, डोळ्यात वाळू भरल्यासारखं खुपायला लागतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. मग घरचे बटाट्याच्या चकत्या ठेवतात. थंड लागतं म्हणून बरं वाटतं, बाकी काही नाही, बहुतेकदा एक-दोन दिवसांत ते आपोआप उतरतं आणि श्रेय बटाट्याला जातं. खुपणं थांबत नसेल किंवा दिसायला अंधुक वाटत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

उन्हाचा गॉगल यासाठी बनलेलाच नाही. घरकामाच्या करंटला १० किंवा ११ नंबरची काळी काच लागते, आणि गॉगलनं चेहरा आणि गळा उघडा राहतो तो वेगळाच भाजतो. ऑटो डार्क हेल्मेट घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात आणि आर्क मारायच्या आधी रॉडचं टोक कुठंय ते दिसतं. चांगल्या कंपनीच्या काचेत अल्ट्राव्हायोलेटचा फिल्टर कायम असतो, काच काळी झालेली नसली तरी. बजेट कमी असेल तर साधी हातशील्ड आणि काळी काच पण चालेल. आणि अंगात सुती कपडे, टेरिकॉट नको, ठिणगी पडली की ते कातडीला चिकटतं.

दुधाचं म्हणाल तर धूर जातो फुप्फुसात आणि दूध जातं पोटात. जीआय पाईप जोडताना वरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो हुंगला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग दुखतं, तोंडाला धातूची चव येते. दूध आधी प्या, नंतर प्या, याला काही फरक पडत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त ग्राइंडरनं काढा (ते पण मास्क लावून), उघड्यावर काम करा, वारा बाजूनं येईल असे बसा आणि डोकं धुराच्या वर धरू नका.

"सगळी आतून एकच, स्वस्त ते घ्या"

बरीचशी मशीनं आतून एकसारखी असतात हे खरं आहे. फरक बाहेर आहे. स्वस्तातल्याची होल्डरची केबल दीड-दोन मीटर आणि सुतळीएवढी, अर्थिंगचा चिमटा कपडे वाळत घालायच्या लायकीचा, आणि कार्ड गेलं तर विचारायचं कुणाला? मी मावसभावाला सांगितलं ते असं. खरा १६० ते २०० अँपचा डीसी इन्व्हर्टर, आपल्याच गावात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी रिपेअर होणारा, आणि उरलेल्या पैशात हेल्मेट, हातमोजे, जाड केबल. दुकानात सव्वातीनचा रॉड समोर पूर्ण जाळून दाखवायला सांग, डीसी आहे ना, व्होल्टेज पडल्यावर बंद होतंय का बघ. दाखवत नसेल तर पुढच्या दुकानात जा, पुण्याच्या बोहरी आळीत काय दुकानांचा तोटा आहे का.