‘शंभर टक्के प्लेसमेंट’ खोटं असेलही, पण तो फॉरवर्ड कुठे खरा आहे?

परवा रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन. “ताई, तो मेसेज वाचलास का? पोरीची सीईटी झालीय, कॅपचा, म्हणजे प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायचाय. आता एमबीएला घालू की नको?”

मेसेज मलाही आला होता, तोही तीन ग्रुपवरून. ‘एमबीएसाठी घर गहाण टाकू नका’ असं ठळक शीर्षक आणि खाली पाच ‘कटू सत्यं’. एक, कॉलेजांचे प्लेसमेंटचे आकडे सरसकट खोटे असतात आणि प्लेसमेंट सेल नुसता देखावा असतो. दोन, फाडफाड इंग्रजी येत नसेल तर कॅम्पसला उभंही राहू नका. तीन, समर इंटर्नशिप म्हणजे कागदी सोपस्कार, झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रोजेक्ट मिळतो. चार, ७५ टक्के रेझ्युमे मशीनच कचऱ्यात टाकतं, माणूस वाचतच नाही. पाच, ८० टक्के नोकऱ्या जाहीरच होत नाहीत, सगळं ओळखीवर चालतं. शेवटी एक लिंक: ४९९ रुपयांत ‘मशीन पास करणारा’ रेझ्युमे.

मी काही वर्षं पुण्यातल्या एका एमबीए कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसात काम केलं. आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे एका कंपनीसाठी फ्रेशर निवडायला बसते. दोन्हीकडचं खाल्लेलं असल्यामुळे गप्प बसवेना.

पहिल्या मुद्द्यात निम्मं खरं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. माहितीपत्रकावरचे आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात. ते मांडलेले असतात, आणि मांडणीतच सगळी गंमत असते. समजा १२० मुलांची बॅच आहे. त्यातले बारा जण घरच्या धंद्यात जाणार म्हणून फॉर्म भरत नाहीत, आठ जण एमपीएससीच्या मागे आहेत आणि पंचवीस जण बॅकलॉग किंवा हजेरीमुळे ‘अपात्र’ ठरतात. राहिले पंच्याहत्तर. त्या सगळ्यांना नोकरी लागली की फ्लेक्सवर ‘१००%’ छापायला मोकळे. ‘इच्छुक आणि पात्र विद्यार्थ्यांपैकी’ हे शब्द खाली इतक्या बारीक अक्षरांत असतात की आमच्या प्रिन्सिपलसाहेबांनाही चष्मा लागायचा. शिवाय एकाच मुलीला दोन ऑफर आल्या तर ‘एकूण ऑफर’ या रकान्यात ती दोनदा मोजली जाते.

मग येतं ते सरासरी पॅकेज. दहा मुलांपैकी नऊ जणांना चार-चार लाख मिळाले आणि एकाला चोवीस लाख, तर सरासरी होते सहा लाख. प्रत्यक्षात सहा लाख कुणालाच मिळालेले नाहीत. म्हणून सरासरी विचारायचीच नाही, मध्यक विचारायचा. सगळे पगार चढत्या क्रमानं लावले की मधोमध येतो तो. आपल्या उदाहरणात तो चार लाख.

आणि हे तपासायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. केंद्राच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजला दरवर्षी माहिती भरावी लागते: किती मुलं घेतली, त्यातली किती वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, त्यांचा मध्यक पगार किती, किती पुढे शिकायला गेली. ही माहिती कॉलेजनं स्वतःच्या वेबसाइटवरही ठेवायची असते. आकडे कॉलेजनंच भरलेले असतात, हे खरं. पण फ्लेक्सवर १००% छापणारं कॉलेज सरकारी तक्त्यात काय लिहितं, हे शेजारी शेजारी ठेवून बघा, करमणूक होते. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकारानं तर प्लेसमेंट अहवाल कसा लिहावा याचे मापदंडच तयार झाले आणि त्यांचे अहवाल बाहेरच्या संस्थेकडून तपासूनही घेतले जातात. प्रामाणिक आकडे देता येतात. बाकीच्यांनी ते का देऊ नयेत, हे त्यांनाच विचारायला हवं.

पॅकेजचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकते, कारण दरवर्षी पहिल्या पगाराच्या दिवशी कुणाचा ना कुणाचा रडवेला फोन येतो. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. पण ‘४.८ लाख सीटीसी’ म्हणजे महिना चाळीस हजार, असा हिशेब घरात झालेला असतो. आता असं बघा. बेसिक महिना वीस हजार धरा. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे वर्षाला २८,८०० रुपये. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे ११,५४४. ‘परफॉर्मन्स’च्या नावाखाली १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे ४८,०००. हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं, पण दरमहा हातात येत नाही. उरले ३,९१,६५६ रुपये, म्हणजे महिना ३२,६३८. त्यातून स्वतःचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात पडतात ३०,०३८. इथे कुणी फसवलेलं नसतं. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर तक्ता असतो, तो उघडून बघितलेला नसतो.

आता ‘प्लेसमेंट सेल नुसता देखावा’ या वाक्याबद्दल. सेल नोकरी देत नाही, देऊ शकतच नाही. तो दार उघडतो. हे दार उघडायला काय लागतं ते बाहेर दिसत नाही. एका कंपनीला आणायला पंधरा-वीस फोन, मग जेडी, म्हणजे कामाचं वर्णन, येणार, मग तारीख तीनदा बदलणार. हे सगळं करून सहा जणांची निवड झाली, आणि त्यातल्या दोघांनी रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवला, चौघांपैकी तिघं दिवाळीआधी सोडून आले. पुढच्या वर्षी त्या कंपनीचा एचआर माझा फोन उचलेना. ज्युनियर मुलं मात्र म्हणणार, “मॅडम, यंदा चांगल्या कंपन्याच आणल्या नाहीत.” काय सांगायचं त्यांना? सगळी कॉलेजं धुतल्या तांदळासारखी असतात असं मी म्हणणार नाही. ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ म्हणून बोलावून दारोदार कार्डं विकायला लावणाऱ्या कंपन्याही कॅम्पसवर येतात, आणि आकडा भरायचा म्हणून काही सेल त्यांना येऊ देतात. त्यावर उपाय एकच, जेडी वाचणं. टार्गेट किती, फिरस्ती किती, पहिल्या सहा महिन्यांत कुठल्या गावाला टाकणार हे प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये, म्हणजे निवडीआधी कंपनी स्वतःची माहिती देते तेव्हा, सगळ्यांसमोर विचारायचं. विचारलं म्हणून कुणी नापास करत नाही. उलट मी असं विचारणारीचं नाव लिहून ठेवते.

इंग्रजीचं भूत. कन्सल्टिंगसारख्या कामांत इंग्रजी लागतंच, आणि सरळ चार ओळींची ईमेल प्रत्येकाला लिहिता आलीच पाहिजे. पण कॅम्पसवर येणाऱ्या नोकऱ्यांत विक्री, वितरण, बँकांची कर्जं, विमा यांचा वाटा मोठा असतो. तिथे दुकानदाराशी इंग्रजीत कोण बोलतं? एका ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीच्या मुलाखतीत मी कोपऱ्यात बसले होते. बार्शीकडचा मुलगा, वडिलांचं किराणा दुकान. साहेबांनी विचारलं, डिस्ट्रिब्युटरला पैसे सुटतात की नाही हे कसं ओळखशील? पोरगा घाबरत घाबरत, “सर, स्टॉक ट्वेंटी डेज, मार्केट क्रेडिट फिफ्टीन डेज…” एवढं बोलून अडला आणि सरळ मराठीत शिरला. गोडाऊनमध्ये किती दिवसांचा माल पडून असतो, उधारी किती दिवसांनी वसूल होते, कंपनी स्वतः किती दिवसांची उधारी देते, यातून त्याचा किती पैसा अडकतो आणि मुदत संपलेल्या मालाचा क्लेम लवकर मिळाला नाही तर मार्जिन कसं खाल्लं जातं, सगळं सांगितलं. एमबीएच्या पुस्तकात याला गुंतवणुकीवरचा परतावा म्हणतात. त्यानं तो गल्ल्यामागे बसून पाहिला होता. त्याची निवड झाली. त्याच दिवशी ग्रुप डिस्कशनमध्ये सगळ्यांना गप्प करणारे दोन इंग्रजी माध्यमवाले परत गेले. माझ्या माहितीचा हा एकच किस्सा असता तर मी तो सांगितलाही नसता.

इंटर्नशिपचा मुद्दा मात्र मला खरोखर झोंबला. पुणे विद्यापीठाच्या एमबीएला दुसऱ्या सेमिस्टरनंतर किमान आठ आठवड्यांचं समर प्रोजेक्ट असतं, पोरांच्या भाषेत ‘सिप’. मुंबईकडे प्रोजेक्टच्या बाडालाच ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, काळ्या बाइंडिंगमुळे. झेरॉक्सच्या दुकानात ते तयार मिळतं, हे शंभर टक्के खरं. “विषय सांगा, नाव बदलून देतो,” असं काउंटरवरून बिनदिक्कत सांगतात. पण याचा अर्थ सिप निरुपयोगी असा कसा होतो? फ्रेशरच्या रेझ्युमेत विचारण्यासारखी तेवढी एकच गोष्ट असते. मी मुलाखतीत पहिला प्रश्न तिथलाच टाकते. “सॅम्पल साइज शंभरच का, म्हणजे पाहणीत शंभरच माणसं का घेतली?” विकतचं बाड आणणारा म्हणतो, “मॅम, स्टँडर्ड असतो.” झालं, मुलाखत तिथेच संपते. उरलेली दहा मिनिटं आपण दोघंही सभ्यपणे काढतो.

याउलट एका मुलीला सिपसाठी नामांकित कंपनी मिळाली नाही म्हणून ती भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेली होती. मालकांनी तिला टॅली आणि बिलांच्या फायली दिल्या आणि म्हणाले, “बघ बाई, पैसे कुठे अडकलेत.” तिनं एक्सेलमध्ये थकबाकीची विभागणी केली: ४५ दिवसांच्या आतली, ४६ ते ९० दिवसांची, ९० च्या पुढची. मग तिला कळलं की १९६१च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) नावाचं कलम आलं आहे. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत, दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा करता येतो, त्याआधी नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते लागू झालं. वर्कशॉपची ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी होती, पण बिलावर नंबरच छापलेला नव्हता. तिनं बिलाचा नमुना बदलून घेतला आणि मोठ्या गिऱ्हाइकांच्या अकाउंट्स विभागांना नंबर घालून स्मरणपत्रं पाठवली. तिच्या मुलाखतीत वीस मिनिटं फक्त याच विषयावर गेली. शेवटी आमचे फायनान्सचे साहेबच तिला विचारू लागले, आपल्या व्हेंडरचं काय करायचं म्हणून.

मशीनबद्दल थोडक्यात. ७५ टक्क्यांचा आकडा गावभर फिरतो, पण त्यामागचा अभ्यास मला आजवर कुणी दाखवलेला नाही. प्रत्यक्षात मी काय करते? नोकरीच्या पोर्टलवर लॉगिन करते, ‘एमबीए फायनान्स, पुणे, ० ते १ वर्ष, एक्सेल’ असं टाकते, नुकतेच अपडेट झालेले प्रोफाइल वर आणते आणि पहिली दोन-तीन पानं चाळते. तिसाव्या प्रोफाइलच्या पुढे माझाही चहा थंड होतो. म्हणजे रेझ्युमे कचऱ्यात जात नाही, खाली राहतो. आणि खाली राहण्याची कारणं साधी असतात: प्रोफाइलला सहा महिने हात लावलेला नाही, मोबाइल नंबर जुना आहे, ‘मुंबईला यायची तयारी’ या प्रश्नाला चुकून ‘नाही’ टिचकलंय, किंवा नक्षीदार दोन रकान्यांच्या टेम्प्लेटमुळे शिक्षणाच्या जागी छंद वाचले जातायत. एक पान, साधी मांडणी, नाव घातलेली पीडीएफ. झाले तुमचे ४९९ रुपये वसूल.

राहता राहिली ओळख. ८० टक्क्यांच्या आकड्यालाही शेंडाबुडखा नाही. पण ओळखीनं नोकऱ्या लागतात, हे मी नाकारत नाही. प्रश्न ओळख कुठली, हा आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला, तो १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरीची खबर मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या मित्रांकडून किंवा नातलगांकडून मिळाली नव्हती. ती मिळाली होती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या, दूरच्या ओळखीच्या माणसांकडून. कारण साधं आहे. काकांना जे माहीत असतं ते आपल्या घरात आधीच सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा ‘आमचं कुणी मंत्रालयात नाही’ हे रडगाणं इथे गैरलागू. तीन वर्षांपूर्वी पास झालेली सीनियर ही तुमची दूरची ओळख. तिला ‘मॅम एनी व्हेकन्सी?’ असं लिहू नका. ‘तुमच्या टीममध्ये फ्रेशरला पहिल्या महिन्यात कुठलं काम देतात?’ असं विचारा, उत्तर येतं. आणि कंपनीतल्या माणसानं नाव सुचवलं तरी मुलाखत द्यावीच लागते. सुचवणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी बक्षिसाची रक्कम मिळते, म्हणजे तो उपकार करत नसतो. ओळखीच्या नावाखाली कुणी ‘डिपॉझिट’ मागितलं तर मात्र तो चोर. नोकरी देणारा पैसे घेत नाही.

एवढं सगळं मी मावसभावाला फोनवर सांगितलं. तो हूं हूं करत राहिला. भाचीनं मात्र फोन ओढून घेतला आणि म्हणाली, “आत्या, मग मी कॉलेजला फोन करून मध्यक पगार विचारू?” म्हटलं, विचार की.

दुसऱ्या दिवशी तिनं यादीतल्या चार कॉलेजांना फोन लावले. एकानं एनआयआरएफच्या तक्त्याची लिंक लगेच पाठवली. दुसऱ्यानं ‘सर्वाधिक पॅकेज’ तीनदा सांगितलं. तिसऱ्यानं विचारलं, “मध्यक म्हणजे?” आणि चौथ्या कॉलेजातले प्लेसमेंटचे सर सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत जेवायला गेलेले होते. ऑप्शन फॉर्मवर पहिल्या क्रमांकाला कुठलं कॉलेज आलं, ते तिनं मला विचारलंही नाही.