गांधीनगरचे दोन तुकडे
कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड व्यापाऱ्यांचं उधारीचं सॉफ्टवेअर सांभाळतो मी. आज पुन्हा तेच. शहर गांधीनगर आणि बाकी पन्नास हजारांच्या वर, एवढा साधा फिल्टर लावला, तर यादी कोरी. का? तर कोडमध्ये कुणीतरी फिल्टरची ओळ 'अँड' दिसेल तिथं तोडलीय! रोमन लिपीत गांधीनगर लिहा, त्याच्या पोटातच अँडची तीन अक्षरं आहेत. गावाचेच दोन तुकडे झाले की राव!

हे तिसऱ्यांदा. आणि दर वेळी उत्तर एकच, "पार्सर कशाला, दोन ओळींत होतंय." नाही होत! पार्सर म्हणजे लिहिलेल्या अटीची रचना ओळखणारा कोड. आधी ओळीची टोकन, म्हणजे सुटे शब्द नि चिन्हं पाडायची, मग त्यांचं झाड, म्हणजे कुठली अट कुणाच्या पोटात ती मांडणी बांधायची, मग त्या झाडावर एकेक नोंद तपासायची. अवतरणातलं नाव अख्खं राहतं ते यामुळंच. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, अँड हा ऑरच्या आधी बांधला जातो. म्हणजे 'कागल ऑर गांधीनगर अँड थकबाकी' असं कंसाशिवाय लिहिलं, की कागलचे सगळेच येतात, पैसे चुकते केलेलेसुद्धा. त्यांना वसुलीचे मेसेज जातात आणि बोलणी दुकानदार खातो.

रिकाम्या रकान्याचं तर विचारूच नका. 'शहर कागल नाही' म्हटलं, की शहर न भरलेली गिऱ्हाईकं गायब, कारण नलशी, म्हणजे रिकाम्या किमतीशी, केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही नाही.

पार्सरच्या तयार, तपासलेल्या लायब्रऱ्या, म्हणजे आयता कोड, फुकट मिळतात रे बाबांनो. उद्या सकाळी त्यातलीच एक जोडतोय, कुणालाही न विचारता.